रुपयातली लाल माती

रोज सकाळी चहाच्या आधी हाफिजा एक रुपया हातात घ्यायची. जुना, चांदीचा. तो अंगठा आणि मधल्या बोटाच्या पेरांत काठावर धरायचा, तोंड उघडून 'हा' करून त्याच्यावर श्वास सोडायचा, आणि वाफ कशी जाते ते बघायचं. थंडीच्या दिवसांत वाफ जरा रेंगाळायची, उन्हाळ्यात बघता बघता जायची. पण जायची ती सगळीकडून सारखी. काठाकडून आत, कुठंही न अडखळता. मग रुपया परत लवंगांच्या रिकाम्या डबीत, आणि डबी उशाखाली.

सून नवीन होती तेव्हा तिनं विचारलं होतं, "अम्मी, रोज रोज तेच काय बघायचं त्यात?"

"गाणारा माणूस आधी तंबोरा लावतोय का न्हाई, मेहक? तसा मी डोळा लावून घेते. ह्यो रुपया कुणी घासला न्हाई, धुतला न्हाई, पुसलासुदीक न्हाई. खरं कसं दिसतंय ते सकाळी एकदा बघून ठेवायचं. मग दिवसभर खोटं आपसूक टोचतंय."

हा रुपया कबनूरचा. तिथं हाफिजाची आई मागावाल्यांकडं सुताच्या कांड्या भरायची. लग्नाच्या वेळी तिनं जुनी वाकळ उसवली आणि अस्तरात कधीकाळी शिवून ठेवलेला हा एक रुपया काढून लेकीच्या हातावर ठेवला. इतकी वर्षं कापसात दडलेला, त्यामुळं ना कुणाचा घाम लागलेला, ना चिंच. चांदीवर काळसर निळी साय आली होती, आपोआप, सावकाश आलेली.

सासर कोल्हापुरात, सराफांच्या गुजरीमागच्या बोळात. सासऱ्यांचं नाव चमन, पण सराफ त्यांना 'चमन पॉलिशवाले' म्हणायचे आणि त्यांनाही तेच आवडायचं. खाली दुकान, वर घर. दुकानात पॉलिशची मोटर फिरायची आणि तिच्या चाकाला लावायच्या लाल मातीचा धुरळा घरभर उडायचा. भिंती लाल, शिंक लाल, दोरीवर वाळत घातलेली पोरांची दुपटी तांबूस. पहिल्याच आठवड्यात हाफिजानं नाक शिंकरलं तेव्हा रक्त आलं असं वाटून ती घाबरली होती. नवरा उमर पोट धरून हसला. "आता पॉलिशवाल्यांची झालीस बघ," म्हणाला.

त्या काळात रुपयांच्या माळा मोडीत येत. आया-आज्यांनी गळ्यात घातलेल्या, प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर ओवायची कडी वितळवलेल्या धातूच्या डाखानं जोडलेली. कडी असलेल्या रुपयाला नाणी जमवणारे विचारत नसत. म्हणून दलाल ते रुपये चमनकडं आणत. कडी कापायची, डाख घासायचा, काठाला पडलेला खड्डा चांदीनं भरायचा, आणि काठाचे बारीक दात त्या भरावावर पुन्हा कापायचे. नवी चांदी लख्ख दिसायची, म्हणून उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून डब्यात घालायचा, वर जाळीवर रुपया ठेवायचा आणि झाकण लावायचं. दोन तासांत शंभर वर्षांचा काळेपणा यायचा. शेवटी नाकाच्या शेंड्यावरून अंगठा फिरवायचा आणि तो रुपयावर. त्या तेलकटपणानं उरलेसुरले ओरखडे बुजायचे.

याला घरात कुणी खोटं म्हणत नसे. शब्द होता 'दुरुस्ती'.

कांड्यांचा धागा हाताळून हाफिजाची बोटं हलकी झाली होती. दात कापायचं काम आपोआप तिच्याकडं आलं. चमन भिंगाखाली तिचं काम बघून मान हलवायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या सुनेनं कापलेला दात टांकसाळीला सुदीक वळखायचा न्हाई!" एकोणीस वर्षांच्या पोरीला याहून मोठी शाबासकी कुठली. ती मन लावून दात कापत राहिली.

एकदा एका दलालाला रुपये 'देवघरातले' दिसायला हवे होते. म्हणजे अक्षरांच्या खाचांत कुंकू बसलेलं. जुन्या घराण्यातला रुपया म्हटला की गिऱ्हाईक खूश. चमननी तिला पैसे दिले आणि महाद्वार रोडला धाडलं. दुकानात पितळी परातींत कुंकवाचे डोंगर रचलेले. हाफिजा समोर उभी राहिली. डोक्यावरून ओढणी, हातात पिशवी. शेजारी बायका चिमटीनं कुंकू तपासत होत्या, हसत होत्या. दुकानदार तिच्याकडं बघून म्हणाला, "काय पायजे, ताई?" एवढंच तर म्हणाला. पण तिला शब्द फुटेना. कुणासाठी, कशासाठी असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं? ती तशीच परत फिरली. घरी येऊन तिनं मोटरच्या खालची लाल माती चिमटीत घेतली, तुपात कालवली आणि सुईच्या टोकानं अक्षरांत भरली. दिसायला कुंकूच. सासऱ्यांना कळलं नाही, दलालाला कळलं नाही. असे आठ-नऊ रुपये तिनं केले असतील. ते कुठं गेले कुणास ठाऊक.

चमन गेले त्या वर्षी हाफिजानं अंड्याचा डबा भंगारात दिला. मयतीला आलेली माणसं अजून बोळात होती तोवर एका दलालानं चौकशी केली होती, आता दुरुस्तीचं कोण बघणार म्हणून. "कुणी न्हाई," ती म्हणाली. पुढं उमरही गेला. मुलगा मोहसीन दागिन्यांचं पॉलिश करू लागला, आणि हाफिजा दुकानाच्या पायरीवर एक स्टूल टाकून बसू लागली. कुणीतरी गमतीनं तिच्या हातात नाणं दिलं. तिनं श्वास सोडला, भिंग लावलं आणि सांगितलं. मग दुसरा आला. वर्षभरात गुजरीत नाणं घेण्याआधी 'पायरीवरच्या चाचीला' दाखवायची रीत पडली. तिची उत्तरं तीनच. 'हात लागलाय.' 'हात न्हाई लागला.' आणि 'ठाऊक न्हाई.' तिसरं उत्तर ती न लाजता द्यायची, म्हणून पहिल्या दोनांना वजन होतं.

उचगावचा एक गडी आला होता. रुपया असा चमकत होता की पायरीवर उजेड पडला.

"पावणं, भांड्याच्या साबणानं घासलासा व्हय?"

"न्हाई वो चाची, शेतात घावलाय. नांगरताना."

"मग तुमच्या शेतात साबण पिकतोय जणू," हाफिजा म्हणाली. बोळातले तिघेजण हसले. गडीही हसला, कबूलही झाला.

चार वर्षांपूर्वी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळानं दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात प्रदर्शन भरवलं. दरवेळी नाण्यांची तपासणी मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह स्वतः करायचे. तालेवार घर, बोलणं गोड, नाण्यांवर जीव. त्या वर्षी ते स्वतः पायरीपाशी आले. "चाची, आमचे सगळे तुम्हालाच दाखवून नाणी घेतात आणि आम्ही तुमचं नाव कुठं घालत नाही, हे बरं दिसत नाही. यंदा तपासणी तुमची."

छापील पत्रक आलं. खाली लिहिलं होतं : 'तपासणी – हाफिजा उमर पॉलिशवाले.' हाफिजा सातवीपर्यंत शिकली होती. ते नाव तिनं बोट फिरवून वाचलं, मग पत्रक घडी करून लवंगांच्या डबीखाली ठेवलं. दात कापण्याच्या कामावर कधी कुणी नाव घातलं नव्हतं. नाव दिसू नये हीच त्या कामाची खुबी होती.

प्रदर्शनाच्या सकाळी मेहकनं तिला इस्त्रीची साडी नेसवली. मोहसीन दुकान बंद ठेवून बरोबर आला. मंडळात गुजरीतले चार-पाच सराफ होते, त्यांच्याच कामावर त्याचं दुकान चालायचं. आईचं नाव पत्रकावर बघून त्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

सभागृहाच्या दाराशी एक म्हातारी खुर्चीच्या टोकावर बसली होती. नेसरीच्या बयाबाई. पहाटेच्या एस्टीनं आल्या होत्या. पदराच्या गाठीतला देवघरातला रुपया त्यांना प्रदर्शनात ठेवायचा होता, पण टेबलावरच्या पोरांनी तो परत दिला होता.

"धुतलेला हाय म्हणं!" बयाबाई हाफिजाला सांगू लागल्या. "आवं, धुऊ न्हाई तर काय करू? देव हाय त्यो. दर दिवाळीला चिंच लावून घासतोय, कुंकू लावतोय. माझी सासू घासायची, तिची सासू घासायची. आता ही पोरं म्हणत्यात, वाटोळं केलंसा."

हाफिजानं तो रुपया हातात घेतला. राजाचं नाक झिजून गेलं होतं, दाढीचा नुसता अंदाज उरला होता. चिंचेनं पार सपाट झालेला. अक्षरांच्या मुळाशी यंदाच्या दिवाळीचं थोडं कुंकू. "हात लागलाय," ती म्हणाली, "पण खोटं बोलत न्हाई त्यो. बसा जरा, जाऊ नगासा."

आत टेबलावर चाळीस नाणी मांडली होती, प्रत्येकाशेजारी एक कोरं कार्ड. हाफिजानं ते लिहून सही करायची. ती एकेक उचलू लागली. 'हा' करायची, थांबायची, भिंग लावायची. एकोणचाळीस झाली. काही नापास झाली, पण कुणी वाद घातला नाही. दरम्यान नाश्ता आला. मिसळीच्या ताटल्या टेबलाच्या टोकाला ठेवल्या गेल्या.

चाळिसावा मधोमध, मखमलीवर. विजयसिंहांचा रुपया. त्याच्याशेजारी मोठ्या अक्षरांत माहिती होती, की घराण्याच्या देवघरात सहा पिढ्या पुजलेला, अक्षरांतलं कुंकू तसंच जपलेला.

हाफिजानं तो काठावर धरला. श्वास सोडला. वाफ निघाली, काठाकडून आत, छान निघाली. वरच्या अंगाला मात्र, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, ती थबकली.

तिनं पुन्हा श्वास सोडला. पुन्हा तिथंच.

भिंग लावलं. काठाचे दात एकसारखे होते. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. तिला ते दात आतून माहीत होते, स्वतःच्या हस्ताक्षरासारखे. मग तिनं अक्षरांतली लाली बघितली. कुंकू इतक्या वर्षांत काळवंडतं. ही लाली काळवंडली नव्हती. ही लाली तिच्या भिंतीची होती, पोरांच्या दुपट्यांची होती.

समोर कार्ड होतं. 'ठाऊक न्हाई' लिहिलं की काम भागत होतं. दोन शब्द, आणि ते शब्द ती रोजच बोलायची. पण आजवर ते खरे होते. आज ते लिहिले असते तर पहिल्यांदा खोटे झाले असते, आणि मग पायरीवर दिलेलं प्रत्येक उत्तर त्यांच्याबरोबर गेलं असतं, कुणाला कळलं नसतं तरी. तिनं मान वर केली. मोहसीन भिंतीशी उभा होता. आईचा चेहरा त्याला वाचता यायचा. त्यानं अगदी बारीक, नाही अशी मान हलवली.

"काय चाची, सही करताय ना? फोटोवाला थांबलाय," विजयसिंह म्हणाले.

"दादा, ह्याला कडी हुती. काढलीय. वर भराव हाय."

विजयसिंह हसले. "आमचा रुपया कधी माळेत नव्हता, चाची. देवघरातला आहे. आबांनी मरताना माझ्या हातात दिला. ते कुंकू दिसतंय ना?"

"ते कुंकू न्हाई."

आता आजूबाजूची माणसं गोळा झाली. एक सराफ म्हणाला, "चाची, जरा सांभाळून बोला. कुणाशी बोलताय?"

"ज्याचा रुपया हाय त्याच्याशीच बोलतेय की."

"कुंकू नाही तर काय आहे?" विजयसिंहांचा आवाज चढला. "आणि हो, कुंकवातलं तुम्हाला काय कळतंय?"

 बोलल्यावर त्यांनाही ते लागलं असावं, कारण त्यांनी नजर वळवली. पण शब्द टेबलावर पडले होते, सगळ्यांच्या देखत.

"काय कळत न्हाई," हाफिजा शांतपणे म्हणाली. "म्हणूनच हे असं झालंय. बयाबाई, जरा हिकडं येतासा?"

बयाबाई पदर सावरत आल्या. हाफिजानं मिसळीच्या ताटल्यांशेजारून एक कोरी बशी आणि लिंबाची फोड उचलली. पदराला टोचलेल्या सुईनं बयाबाईंच्या रुपयातला कुंकवाचा कण काढून बशीच्या एका कडेला ठेवला. मग मखमलीवरच्या रुपयाला हात घालण्याआधी विजयसिंहांकडं बघितलं. इतक्या माणसांत ते नको म्हणू शकले नाहीत. तिनं दुसरा कण दुसऱ्या कडेला ठेवला.

"बयाबाई, तुमचं कुंकू कुठलं?"

"घरचं. हळदीचं. चुना घालून आमच्या दाराशीच करतोय."

"मग हळद लिंबाला वळख देईल." हाफिजानं फोड पिळली, दोन्हीकडं एकेक थेंब, आणि बोटानं चोळलं.

बयाबाईंचं कुंकू कडेनं फिकटलं, नारिंगी झालं, आणि बघता बघता पिवळं धमक. दुसऱ्या कडेची लाली होती तशी लाल. हाफिजानं आणखी चोळलं. लालच.

"ही पॉलिशची माती हाय," ती म्हणाली. "सोनारकामाची. कुणाच्या बी पॉलिशच्या दुकानात मिळंल."

"पण यात कुणी भरली हे तुम्ही कशावरून—"

"मी भरलीय."

मोहसीननं डोळे मिटून घेतले.

"कडी मी काढली, दात मी कापले, माती मी भरली. चाळीस वर्षं झाली असतील. माझ्या घरात. कुंकू आणायला गेलते, मागायची लाज वाटली, म्हणून जे घरात हुतं ते घातलं. तुमच्या आबांनी कुणा दलालाकडनं घेतला असंल, दादा. त्यांना बी फसवलंय. फसवणाऱ्यांत मी हाय."

विजयसिंह रुपयाकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला. आधी तिथं बापाच्या हातून काही घेणाऱ्या मुलाचा चेहरा दिसला. मग राग आला. "म्हणजे आम्ही खोटी नाणी करणाऱ्या बाईकडून तपासणी करून घेतोय! असल्या माणसाचं नाव आम्ही छापलं? सही राहू द्या. तुम्ही निघा."

"निघते की," हाफिजा म्हणाली. "पण कार्ड तेवढं लिहून जाते. चाळिसाची तपासणी दिलीसा, एकोणचाळीस करून कसं चालंल?"

तिनं पेन घेतलं. सातवीच्या वळणदार, सावकाश अक्षरांत लिहिलं : 'कडी काढलेली. काठ भरलेला. लाली पॉलिशच्या मातीची. काम हाफिजाचं.' खाली सही केली. मग बयाबाईंचा रुपया त्यांच्या पदरात बांधून दिला, गाठ ओढून बघितली, आणि दोघी बरोबरच पायऱ्या उतरल्या. मागून कुणीतरी ते कार्ड फाडल्याचा आवाज आला. हाफिजानं वळून बघितलं नाही.

रिक्षा दसरा चौकातून बिंदू चौकात आली. मोहसीन म्हणाला, "काय गरज हुती, अम्मी? न्हाई म्हणायचं आणि सोडायचं. 'मीच केलं' कशाला?"

"त्यानं विचारलं, कशावरून. दुसरं काय सांगू?"

"उद्या सराफ काम देतील व्हय मला?"

"तुझं पॉलिश चांगलं असलं तर देतील. नसलं तर माझ्या गप्प बसण्यानं किती दिवस देतील?"

दोन सराफांनी काम बंद केलं, हे खरं. एकानं तीन महिन्यांनी पुन्हा सुरू केलं, दुसऱ्यानं कधीच नाही. पायरीवर येणारी माणसंही थांबली. उलट काहीजण जुनी नाणी घेऊन यायचे आणि लांबूनच ओरडायचे, "चाची, हे बी तुमचंच काय?" पोरं हसायची. हाफिजा स्टूल आत घेईल असं मेहकला वाटलं होतं. तिनं स्टूल आत घेतलं नाही. आठ दिवसांनी तिनं मेहकला एक पाटी लिहायला लावली. मेहकनं दोनदा विचारलं, खरंच असंच लिहू? मग रंगानं लिहून दारावर टांगली :

'चमन पॉलिशवाले. आमच्या हातची जुनी दुरुस्ती ओळखून मिळेल.'

बोळात हसू उसळलं. मोहसीन दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होता. पण हसायला आलेल्यांपैकी एकानं खिशातून पुडी काढली. "चाची, गमत न्हाई, खरंच बघा." तिनं श्वास सोडला, वाफ बघितली. "हे माझं," म्हणाली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन आले. "हे सासऱ्यांचं. त्यांचा हात जड हुता, बघा, दात खोल गेलाय." एखादं हातात घेऊन म्हणायची, "हे आमचं न्हाई. आम्ही यवढं वंगाळ काम कधी केलं न्हाई." आणि त्यात तिला आजही थोडा अभिमान वाटायचा, तो ती लपवत नसे. जी माणसं आधी तिच्या 'न्हाई लागला'वर विश्वास ठेवायची, ती आता तिच्या 'हे माझं'वर ठेवू लागली. विजयसिंहांचा धरून लाल मातीचे एकूण सहा सापडले. उरलेले दोन-तीन कुठंतरी देवघरातले म्हणून बसले असतील.

विजयसिंह पुन्हा आले नाहीत. मंडळाच्या पुढच्या पत्रकावर तपासणीपुढं त्यांचंच नाव होतं. प्रदर्शनात मात्र तो रुपया नव्हता, असं कुणीतरी सांगितलं. हाफिजा एवढंच म्हणाली, "घरात ठेवला असंल. बापानं दिलेला हाय, ठेवू दे."

बयाबाई दर दिवाळीनंतर नेसरीहून यायच्या. रुपया दाखवायला नव्हे; चिवडा आणि करंज्या घेऊन. एकदा घरच्या हळदीच्या कुंकवाची पुडीही घेऊन आल्या. "तुमाला मागायची लाज वाटली हुती न्हवं? घ्या. न मागता दिलंय." दोघी इतक्या हसल्या की मोहसीननं मोटर बंद करून बाहेर डोकावलं. ती पुडी अजून फडताळात आहे, आणि आता लवंगांची डबीही तिच्याशेजारी.

गेल्या हिवाळ्यातल्या एका सकाळी हाफिजानं रोजच्यासारखा रुपया काढला, श्वास सोडला, वाफ जाऊ दिली आणि डबी उशाखाली सरकवली. चहा प्यायली. छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय म्हणून भिंतीला टेकली. मोरीत मेहक दुधाचं करपलेलं पातेलं तारेच्या घासणीनं खरवडत होती. त्या आवाजाकडं हाफिजाचं लक्ष गेलं आणि ती बसल्या जागेवरून जे म्हणाली तेच तिचं शेवटचं बोलणं ठरलं :

"अगं, घासू नगंस इतक्यात. पाणी घालून ठेव, भिजू दे जरा."